हिवाळ्याची सुगी आणि वाळवणाचे खळे

आपल्या कोळी समाजाचे चित्र ज्यांनी ज्यांनी रंगविले, त्यांतील बहुतेकांनी ते नारळी पौर्णिमेच्या दिवशी रंगविले आहे. सोन्याचा नारळ, शृंगारलेली होडी, डोक्यात वेणी माळलेल्या भगिनी आणि खवळलेला दर्या हा देखावा सर्वांच्या परिचयाचा आहे व तो सुंदरही आहे. परंतु नारळी पौर्णिमा हा आपल्या वर्षाचा मुहूर्त होय, सुगी नव्हे. शेतकऱ्याच्या घरात धान्य येते ते पेरणीच्या दिवशी येत नाही. तद्वतच कोळ्याच्या घरात वर्षाची बेगमी होते ती श्रावणात होत नाही. ती होते कार्तिकापासून माघापर्यंतच्या थंडीत. उत्तरेचे वारे सुटलेले असतात, पहाटे होडीच्या काठावर दव साचते, आणि किनाऱ्यावरच्या वलांडीवर बोंबलाच्या माळा लोंबू लागतात. ह्या हिवाळी मासेमारीचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने मांडावा, आणि त्या इतिहासातील एका दुर्लक्षित अंगाकडे, म्हणजे वाळवणाच्या खळ्याकडे, सर्वांचे लक्ष वेधावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थंडीचा विचार करू. आमच्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाही, समुद्र गोठत नाही. त्यामुळे 'थंडीतील मासेमारी' हा शब्दप्रयोग शहरातील वाचकास अतिशयोक्तीचा वाटेल. पण मुंबईचीही थंडी कधीकधी थंडी असते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि मुंबईच्या नोंदींतील तो नीचांक गणला जातो. कोरड्या कपड्यांत घरात बसलेल्या माणसाची थंडी निराळी, आणि कमरेपर्यंत भिजून उघड्या होडीत वाऱ्यासमोर जाळे ओढणाऱ्या खलाशाची थंडी निराळी. ओल्या दोराने तळहात चिरतात, खाऱ्या पाण्याने त्या चिरा झोंबतात, आणि तरीही हात सोडता येत नाही. कारण जाळे ओढण्याची वेळ माणसाने ठरविलेली नसते, ती चंद्राने ठरविलेली असते.

ही गोष्ट समजण्यास डोल जाळ्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. डोल हे नाकडाच्या आकाराचे, म्हणजे एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस निमुळते होत गेलेले पिशवीवजा जाळे होय. मोठी डोल शंभर हातांच्या आसपास लांब असते. तिच्या तोंडाला म्होर म्हणतात व शेवटच्या बारीक आसांच्या भागाला खोला म्हणतात. हे जाळे माशाच्या मागे धावत नाही. समुद्राच्या तळाशी चिखलात खुंट रोवून त्यांस दोरांनी ते बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासा आपणहून त्यात शिरतो. बोंबील, जवळा, करदी, मांदेली ही प्रवाहाविरुद्ध जोर करू न शकणारी मासळी. म्हणून डोल ही त्यांच्यासाठीच निर्माण झाल्यासारखी आहे. पाणी वाहते तोवर जाळे फुगून राहते. पाणी थांबले की ते ओढून घेतलेच पाहिजे, कारण प्रवाह उलटला की जाळे उलटते आणि आलेला घास निघून जातो. ह्या थांबलेल्या पाण्याचा अवधी फार थोडा असतो.

आमच्या वेळच्या शाळेत पाऊणकी पाठ करून घेत असत. पुष्कळांना ती निरुपयोगी घोकंपट्टी वाटे. परंतु किनाऱ्यावरचा अशिक्षित म्हणविला जाणारा तांडेल हीच पाऊणकी रोज वापरीत असे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ स्थूलमानाने निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मध्यान्ह व मध्यरात्र यांच्या आगेमागे. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण म्हणजे प्रवाहाचा जोर, आणि प्रवाहाचा जोर म्हणजे डोलीचा घास. अष्टमीच्या सुमाराचा भांग म्हणजे मंद पाणी; तेव्हा जाळी किनाऱ्यावर आणून त्यांची डागडुजी करावयाची. यावरून पौषातील पौर्णिमेच्या मध्यरात्री, किंवा ओहोटी संपते त्या पहाटे सहाच्या सुमारास, आपले पूर्वज समुद्रावर काय करीत असत ते वाचकांच्या लक्षात येईल. जगाला ज्या घटकेस पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते, त्याच घटकेस त्यांना दोर ओढावा लागे.

वाऱ्याचीही अशीच गोष्ट आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले. पाठ्यपुस्तकात आकृती असे, बाण असत. परंतु त्या बाणांवर एक संपूर्ण समाज जगला, हे त्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नसे. यंत्र येण्यापूर्वी शिडाची होडी पहाटेच्या मतलईवर बाहेर पडे व दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येई. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या झंझावातामुळे हा क्रम राहत नाही. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, जमीन रात्री लवकर निवते, आणि म्हणून ही ये-जा नियमित होते. वारा आणि पाणी यांचा मेळ न बसला तर मात्र वल्ह्यांवाचून गती नसे.

खुंट रोवण्याचे काम पावसाळा उतरल्यावर, पाणी मंद असलेल्या दिवसांत करीत. दोन होड्यांच्या आधाराने लांब सोट उभा धरून, पुष्कळ माणसांच्या एकवटलेल्या ताकदीने खुंट तळाच्या चिखलात उतरवावा लागे. हे एकट्या घराचे काम नव्हे. म्हणून ज्या जागी खुंट रोवला त्या जागेवर, जिला आपल्याकडे कव म्हणतात तिच्यावर, त्या घराचा हक्क सारा गाव मानीत असे. समुद्रावर कुंपण नाही, दगड नाही, तरी कोणती कव कोणाची हे सर्वांस ठाऊक असे. अर्थात तंटे होत नसत असे नाही. पालघर-डहाणूकडील बांधव व वसई-उत्तनकडील बांधव यांच्यामध्ये कवींच्या हद्दीवरून अलीकडच्या काळात झालेले वाद सर्वश्रुत आहेत. दोन्हीकडे आपलीच माणसे आहेत, हे तेवढे विसरू नये.

आता बोंबलाकडे वळू. हा मासा सर्व किनाऱ्यावर सारखा मिळत नाही. सौराष्ट्र, दक्षिण गुजरात आणि आपला उत्तर कोकण हे त्याचे मुख्य घर. रत्नागिरीच्या दक्षिणेस तो विरळ होत जातो. पावसाळ्यानंतर त्याचा हंगाम सुरू होतो व हिवाळ्यात तो भरास येतो. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईस आला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात माझगावचा उल्लेख मासेमारीचे मोठे गाव म्हणून केला आहे, आणि तेथील बोंबील हे गरीब लोकांचे अन्न असल्याचे नमूद केले आहे. मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात येऊन तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. म्हणजे मुंबईचे बंदर, गिरण्या, आगगाड्या यांपैकी काहीही नव्हते, तेव्हा परक्या प्रवाशाच्या नजरेत भरावी अशी ह्या बेटावरची वस्तू बोंबील होती. ह्या माशाचे इंग्रजी नाव 'बॉम्बे डक' हे डाकगाडीतून त्याची पार्सले जात असल्यामुळे पडले, अशी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. ती खरी मानता येत नाही. कारण आपल्याकडे पहिली आगगाडी १८५३ साली धावली, आणि हे नाव १९ व्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी लेखनातच आढळते.

बोंबलाच्या अंगी एक मोठा अवगुण आहे. त्याच्या वजनात शेकडा ८५ हून अधिक पाणीच असते. तो इतका नाजूक की पकडल्यापासून काही तासांतच बिघडू लागतो. बर्फ नव्हते त्या काळी असा मासा दूरच्या बाजारात पोचविणे अशक्य होते. मग ज्या माशास दुपारही टिकता येत नाही, तो मासा घाट चढून देशावर पोचला कसा, आणि श्रावणात शेतकऱ्याच्या भाकरीबरोबर बसला कसा? ह्या प्रश्नाचे उत्तर समुद्रात सापडत नाही. ते किनाऱ्यावर, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आणि आपल्या स्त्रियांच्या हातांत सापडते.

आलेल्या घासातून बोंबील निवडून काढावयाचे, धुवावयाचे, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवावयाचे, आणि ती जोडी वलांडीच्या दोरीवर टाकावयाची. वलांडी म्हणजे बांबूंच्या उभ्या खांबांवर एकाखाली एक ताणलेल्या दोऱ्यांची मांडणी. वर दोन-तीन दिवस कडक ऊन आणि मधून खेळता उत्तरवारा मिळाला की बोंबील वाळतो. शंभर किलो ओल्या बोंबलाचे वाळल्यावर पंधरा किलोही क्वचितच उरतात. पण जे उरते ते महिनोन्महिने टिकते. उन्हाइतकीच महत्त्वाची असते ती हवेची कोरडीक. भाद्रपदात ऊन कडक पडले तरी हवा दमट असते आणि बोंबील वाळण्याऐवजी कुजतो. ह्याच कारणास्तव सुगी हिवाळ्याची. थंडी खलाशाच्या हाडांत शिरते, पण तिच्यावाचून त्याच्या घामाचे सोने होत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बोंबील व जवळा मिठावाचून वाळतात. इंग्रजी अमदानीत मिठावर जबर कर होता. तो १९४७ साली उठला. ज्या मासळीस मीठ लागते, ती खारविणाऱ्यांस ह्या कराची झळ लागे. म्हणून रत्नागिरी व कारवारच्या बाजूस सरकारने कमी खर्चात मीठ मिळणारी मासळी खारविण्याची आवारे काढली होती. आमच्या वलांडीस अशा आवाराची गरज पडली नाही. वारा व ऊन यांवर कर बसविता येत नाही. परावलंबनाचा एवढा एक दोर तरी आपल्या पूर्वजांच्या गळ्यात पडला नाही, तो ह्या हिवाळ्यामुळे.

ह्या सर्व कामाची धनीण कोळीण होती. निवडणे, वाळवणे, राखणे, पाटीत भरून बाजारात नेणे, भाव करणे आणि आलेला पैसा सांभाळणे हे सारे तिच्याकडे. नाखवा होडीचा मालक खरा. पण होडीने आणलेल्या ओल्या मासळीचे पावसाळ्यात पुरणाऱ्या दाण्यांत रूपांतर करणारी ती. रात्री दव पडू लागले तर उठून माल झाकावयाचा, आभाळ भरून आले तर धावत जाऊन माळा उतरवावयाच्या, कावळे-कुत्री हाकावयाची, आणि पुन्हा पहाटे आलेली होडी रिकामी करावयाची. पुरुषांच्या धाडसाची गाणी झाली. ह्या जागरणाची फारशी झाली नाहीत.

कागदपत्रांतही तीच तऱ्हा. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या किनाऱ्याच्या मासेमारीची माहिती आली. १९२१-२२ साली 'विल्यम कॅरिक' नावाच्या वाफेच्या जहाजाने मुंबईबाहेरच्या समुद्रात ट्रॉल जाळे ओढण्याचा प्रयोग केला. १९३३ साली सॉर्ले नामक सनदी अधिकाऱ्याचा मुंबई इलाख्याच्या समुद्री मासेमारीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारचे लक्ष प्रामुख्याने होडी, जाळे व पकड यांवर राहिले. ज्या जमिनीच्या तुकड्यावर ही पकड वाळत असे, ते खळे मात्र कोणाच्या नावे आहे हे लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही. आपल्या लोकांसही वाटली नाही. किनारा देवाचा, त्यावर कागद कसला, अशी आपली समजूत.

ह्या समजुतीचे फळ पाहावयाचे असेल तर फ्रायरच्या माझगावकडे पाहावे. १८७३ साली मुंबईत पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० साली प्रिन्सेस डॉक व १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी माझगाव ते शिवडी हा किनारा भराव घालून पुढे सरकविण्यात आला. शहराची भरभराट झाली हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या गावाची कीर्ती १६७३ साली बोंबलामुळे होती, त्या गावाच्या बोंबलाची वाळवण जेथे पडत असेल तो किनारा धक्के व वखारी यांच्या मागे गेला. माझगावात कोळीवाडा हे नाव अद्याप आहे. आमचा वाचकांस एवढाच प्रश्न आहे, की नावाच्या पाटीवर बोंबील वाळत घालता येतो काय?

स्वातंत्र्यानंतरच्या काळात पुष्कळ चांगले बदल घडले. १९५० नंतरच्या दशकांत होड्यांस यंत्रे बसली, सहकारी संस्था उभ्या राहिल्या, अंबाडी-तागाच्या सुताची व ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगविलेली जाळी जाऊन नायलॉनची जाळी आली. मतलईची वाट पाहण्याची गरज संपली. बर्फ व मालमोटारी यांमुळे ओला बोंबील शहरात चांगल्या भावाने विकू लागला. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु त्याबरोबर ट्रॉलर व पर्ससीनचा सुळसुळाट झाला, आणि डोलीच्या वाट्याचा घास घटू लागला. पर्ससीनवर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध घातले ते ह्याच कारणास्तव. दोष केवळ परक्यांचा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. खोल्याचे आस आपणच इतके बारीक केले की पापलेटची नखाएवढी पिले त्यात येतात व सुकटीच्या भावाने जातात. २०२३ साली शासनाने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्या मानाचा खरा अर्थ आपल्या खोल्याच्या आसांवर अवलंबून आहे.

हवामानाचाही भरवसा पूर्वीइतका उरला नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि कोकणातील अनेक घरांवर दुःखाचा डोंगर कोसळला. डिसेंबर २०१७ च्या आरंभी 'ओखी' वादळाचा पाऊस ऐन हंगामात पडला व खळ्यांवर वाळत असलेली मासळी भिजून वाया गेली. होडी बुडाली तर पंचनामा होतो. वलांडीवरचा माल कुजला तर त्याचा पंचनामा कोणत्या कागदाच्या आधारे करावयाचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी उभा राहतो.

आणि आता आपण मुख्य मुद्द्यापाशी आलो. किनाऱ्यावरच्या जमिनीस आज जो भाव आला आहे तो पूर्वी कधीही नव्हता. मुंबईच्या कोळीवाड्यांत खळ्याच्या चारही बाजूंनी इमारती चढल्या आहेत. वारा अडला की ऊन असूनही बोंबील वाळत नाही, हे इमारत बांधणाऱ्यास कोण सांगणार? डहाणूनजीक वाढवण येथील मोठ्या बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्या बंदराविषयी मते भिन्न आहेत, आणि त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. असा कोणताही प्रकल्प आला म्हणजे नुकसानीची यादी होते, आणि त्या यादीत ज्याच्याजवळ नौकेचा परवाना आहे त्याचे नाव प्रथम चढते. ज्या विधवा भगिनीने चाळीस हिवाळे वलांडीवर काढले, जिने वाळविलेल्या मासळीवर मुले शिकविली, तिच्याजवळ दाखविण्यास काय असते? तिचे चिरलेले हात हा पुरावा कचेरीत चालत नाही.

६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख आला, हे आपल्या समाजाच्या चिकाटीचे फळ होय. पण कायद्यातील उल्लेखास जमिनीवरील मोजणीची जोड लागते. म्हणून आमची सर्व कुटुंबांस नम्र सूचना अशी आहे. प्रत्येक कोळीवाड्याने आपल्या खळ्यांची वही करावी. कोणते खळे, लांबी-रुंदी किती, कोणत्या घरच्या स्त्रिया तेथे वाळवण घालतात, किती पिढ्या, कोणत्या महिन्यांत, हे वृद्ध स्त्रियांस विचारून लिहावे. जुनी छायाचित्रे, संस्थेच्या पावत्या, सातबारा व नगरभूमापनाचे उतारे, जे जे मिळेल ते तीत जोडावे. कवींचीही अशीच नोंद करावी, आणि शेजारच्या गावास दाखवून तीवर त्यांच्याही सह्या घ्याव्यात, म्हणजे उद्याचा तंटा आजच मिटेल. ही वही लिहिण्यास पदवीची आवश्यकता नाही. शाळेत जाणारी आपली नातवंडे आजीजवळ बसून ती लिहू शकतील. तसे करताना पाऊणकी, उधाण-भांग आणि वाऱ्यांची ओळखही त्यांच्या कानावर पडेल, हा लाभ निराळाच.

आपल्या पूर्वजांनी थंडी सोसली, कारण त्यांस ठाऊक होते की हिवाळ्यात जे वाळत घातले नाही ते पावसाळ्यात ताटात येणार नाही. समाजाच्या स्मृतीचेही तसेच आहे. आज आपल्याजवळ माहिती सांगणारी वडील मंडळी आहेत, आणि लिहिणारी मुलेही आहेत. हे निरभ्र आकाश किती दिवस राहील याचा नेम नाही. तेवढ्यात ही वाळवण उरकून घ्यावी, अशी ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे.